हातोहात पोचलेलं पार्सल

आमच्या पडवीत किस्से शोधावे लागत नाहीत. सुकटीच्या वासासारखे ते घरभर होतात आणि धुऊनही जात नाहीत!

अम्मीचं शिलाई मशीन तिथे असतं. कोणी मस्कतला निघालं की सगळा मोहल्ला त्याच्याबरोबर आपापल्या मुलांसाठी लोणचं, सुकट, आंबापोळी पाठवतो. अम्मी पार्सलावर कापड शिवते, मी मार्करने नाव घालते. "ही फारशी बोलत नाही, म्हणून अक्षर चांगलं," असं अम्मी सगळ्यांना सांगते.

*

गेल्या वर्षी, २००१ला, एक शेठ आला. "मस्कतला वेल्डर पाहिजेत!"

माझा भाई इम्रान वेल्डर. त्याने आणि मोहल्ल्यातल्या आणखी पोरांनी पासपोर्ट दिले, अॅडव्हान्स दिला.

"आता ट्रेड टेस्ट!" शेठ म्हणाला आणि तो उतरला होता त्या लॉजचं मोडकं फाटक भाईकडून जोडून घेतलं. मग लाथ मारून बघितली. "पास! मस्कत तुझीच वाट बघतंय!"

लॉजवाल्याने शेठचं भाडं माफ केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

*

एक चूक मात्र शेठने केली. "शुक्रवारी मी स्वतः मस्कतला चाललोय, व्हिसे आणायला," असं तो आमच्या पडवीत बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सलांची रांग!

"अहो, विमानात वजन जास्त होईल..."

"शेठ, तुम्ही थोडं कमी जेवा," शेजारची शहनाझ खाला म्हणाली. "माझ्या आसिफची सुकट मात्र गेली पाहिजे!"

शेठ रिक्षा भरून पार्सलं घेऊन गेला.

*

दोन आठवड्यांनी तो उरलेले पैसे मागायला आला. खाला आमच्याकडेच बसली होती.

"आमचा आसिफ भेटला?"

"भेटला म्हणजे! परवाच पार्सल हातात दिलं. मिठी मारून रडला हो पोरगा!"

खालाने शेजारी आपल्या घराकडे तोंड करून हाक मारली, "आसिफ, चहा ठेव नि बाहेर ये रे. शेठला परत एकदा मिठी मार!"

आसिफ सुट्टीवर येऊन आठवडा झाला होता.

*

शेठ पळाला तो बॅग घ्यायला लॉजवर. मागून मोहल्ला. लॉजवाल्याने गर्दी बघून फाटकाला कुलूप घातलं. आत अडकलेल्या शेठने फाटकावर लाथांवर लाथा मारल्या. ते हललंसुद्धा नाही.

बाहेरून भाई शांतपणे म्हणाला, "पास ना, शेठ?"

*

पोलीस आले. शेठच्या खोलीत सगळ्यांचे पासपोर्ट सापडले आणि खाटेखाली पार्सलं. फौजदार आधी आम्हालाच ओरडले. "लायसन्स विचारलं कोणी? पावती घेतली कोणी?"

अम्मी खाली वाकून पार्सलं मोजायला लागली.

मग त्यांनी समजावलं, "लायसन्स नसताना परदेशी नोकरीला माणसं गोळा करणं, हाच मुळात गुन्हा. फसवणुकीचं कलम वेगळं. याच्यावर दोन्ही लावतो."

"आणि आमची पार्सलं?" अम्मीने विचारलं.

"तो मुद्देमाल आहे, बाई!"

चार दिवसांनी हवालदार म्हणाला, "साहेब, मुद्देमालाला मांजरं लागली!"

*

कोर्टातून भाईचा पासपोर्ट सुटला. या वेळी त्याने आधी नव्या एजंटचं लायसन्स सरकारी ऑफिसात दाखवून खात्री केली, मग सही केली. खरा व्हिसा आला!

निघायच्या आदल्या दिवशी पडवीत पुन्हा रांग. सगळ्यांत शेवटी एक मोटरसायकल थांबली. फौजदार! साध्या कपड्यांत, हातात डबा.

"मेहुणा असतो मस्कतला," ते हळूच म्हणाले. "बायकोने लोणचं दिलंय. नेईल का इम्रान?"

अम्मीने कापड शिवलं. मी मेहुण्यांचं नाव घातलं आणि मान वर न करता विचारलं,

"साहेब, पावती देऊ?"