तात्यांच्या ट्रकचा मॅनिफोल्ड

लेथखालचा चुरा संध्याकाळी झाडून काढावा, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा ढीग. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी उद्यमनगरात बापूंच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढते. दर जॉबमागं एखादा किस्सा घडतोच. पण तात्यांच्या ट्रकनं जे किस्से दिले, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

*

आधी बापूंविषयी. बापू म्हणजे आमचे मालक आणि मुख्य मिस्त्री. गळती या माणसाला सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी आमटीच्या बादलीचं बूड बघतात!

वर्कशॉपमध्ये त्यांचा एकच कायदा. ‘चालतंय की’ म्हणायचं नाही. कोल्हापुरात राहून! जो म्हणेल त्यानं किटली उचलायची आणि कोपऱ्यावरून सगळ्यांना चहा आणायचा.

मी नवीन होते तेव्हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याला वाटायचं, बापूंनी मला चहासाठीच ठेवलंय.

*

सर्जेराव आला तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून. उघडलं तर जुन्या पेट्रोल ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड. म्हणजे कार्बोरेटरकडून आलेली हवा आणि पेट्रोल सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारा पाईपांचा पंजा. फुटलेला, आणि वेल्डिंगवर वेल्डिंग केलेलं.

बापूंनी तो उलटासुलटा केला. “ह्यात मूळचा मॅनिफोल्ड कुठला आन् वेल्डिंग कुठलं?”

“ते तात्यास्नीच ठावं!”

तात्या म्हणजे सर्जेरावचे वडील. शाहूपुरीतून गूळ भरायचा आणि निघायचं, असा त्यांनी या ट्रकवर जन्म काढला. आता ट्रक बंद पडून कित्येक वर्षं झाली, आणि तात्यांचे डोळेही गेले.

“रोज इचारत्यात, गाडी चालू झाली काय रं,” सर्जेराव म्हणाला. “दिसायचं तर न्हाय त्यास्नी. एकदा ऐकू द्या, बापू. लई थकल्यात.”

असला पार्ट बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. बापू एवढंच म्हणाले, “नवा वतू.”

*

ॲल्युमिनियमचा रस गार होताना आकसतो, म्हणून साचा हिशेबानं थोडा मोठा करायचा. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. तेच नडलं!

मी ड्रॉइंगमध्ये मापं वाढवली. बापूंनी ‘पोरगी विसरली असंल’ म्हणून पेन्सिलीनं आणखी वाढवली. शेजारच्या फौंड्रीतल्या सलीमभाईंनी ‘हे दोघंबी विसरले असतील’ म्हणून साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न करताना वरून आपली भर घातली. एकानं दुसऱ्याला विचारलं असेल तर शपथ!

ओतलेला जॉब ट्रकच्या इंजिनवर धरला, तर चांगला बोटभर लांब. बोल्ट कुठं आणि भोकं कुठं! कुणी कुणाला बोलायचं? शेवटी सलीमभाई म्हणाले, “मॅनिफोल्ड एक नंबर झालाय. सर्जेराव, जरा मोठं इंजिन बघा की!”

आम्ही खो खो हसलो. सर्जेराव हसला नाही. तात्यांना त्याच दिवशी दवाखान्यात ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. फार वाईट वाटलं.

*

तात्या घरी आले. दुसऱ्यांदा ओतायच्या दिवशी सर्जेराव सकाळीच वाडीला जाऊन दत्ताचं दर्शन घेऊन आला. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन भट्टीसमोर डोळे मिटून उभा राहिला.

बापू साच्याची वाळू चिमटीत धरून बघत होते. म्हणाले, “दत्ताला सांगितलंस, ब्येस केलंस. आता सलीमला बी सांग, वाळू वली हाय!”

सलीमभाईंनी पेढा तोंडात टाकला आणि निमूटपणे वाळू बदलली.

*

माप जुळलं. मग पाण्यातली परीक्षा. सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि जॉब टाकीत बुडवायचा. बापू पाण्याला नाक लावून बसले. बराच वेळ काही नाही. मग एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला.

“फोडा. परत वता.”

सर्जेरावचा चेहरा पडला. “बापू, एवढंसं तर भोक हाय, चालतं...” म्हणता म्हणता त्यानं जीभ चावली.

“म्हणा की पावणं!” सलीमभाईंनी किटली पुढं केली. “च्याची येळ झालीयाच!”

तिसऱ्यांदा ओतलेला मॅनिफोल्ड मात्र पाण्यात दगडासारखा गप्प बसला. बापूंनी तो पुसून स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि दिवसभर येईल त्याला दाखवत राहिले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

*

मॅनिफोल्ड बसवून ट्रक वर्कशॉपच्या दारात उभा केला. सर्जेरावनं तात्यांना धरून आणून खुर्चीवर बसवलं आणि स्टार्टर मारला. इंजिन असं मऊ, एकसारखं चालू झालं की सलीमभाईंनी टाळीच वाजवली.

तात्या मान तिरकी करून ऐकत होते.

“झ्याक चाललीया,” ते म्हणाले. “कुणाची रं?”

“आपलीच की, तात्या!”

“न्हवं. आपल्या गाडीला शिट्टी हाय. गल्लीच्या तोंडाला आली की तुझी आई तवा ठेवायची चुलीवर.”

सर्जेराव त्यांच्यापाशी उकिडवा बसला. “तात्या, ती फुटक्या मॅनिफोल्डातनं हवा वढायची शिट्टी व्हती. आता बापूंनी नवा बसवलाय.”

“आसंल बाबा.” तात्यांनी उठायला हात पुढं केला. “चल, घरला न्हे मला.”

सर्जेरावनं बापूंकडं बघितलं.

बापू उठले. पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकले आणि मॅनिफोल्डचा कडेचा नट सैल केला. जरासा. मग आणखी जरासा. इंजिनातून बारीक शिट्टी यायला लागली.

तात्यांचा हात तसाच राहिला. मग ते हळूच खुर्चीत मागं टेकले.

“आली,” ते म्हणाले. “सर्जा, आली बघ गाडी.”

थोड्या वेळानं सलीमभाई बापूंच्या कानाशी लागले, “बापू, गळतंय की!”

बापूंनी पाना पुसून जाग्यावर ठेवला.

“चालतंय की,” म्हणाले, आणि किटली उचलून कोपऱ्याकडं निघाले.