काकांची शुद्धी आणि आमचं छत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका धुतलेला माणूस अख्ख्या मुलुंडात नसेल. नाहूर-भांडुप धरूनही नसेल. काका ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि काकू गेल्यापासून एकटेच. रविवारी चर्चला निघण्याआधी ते अशी काही आंघोळ करत, की खाली आमचा चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, माझं नि बायकोचं एक भांडणही उरकायचं, तरी वर पाणी वाहतच असायचं. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब समजावून थकले, "काका, स्नानाचे ते नियम बायबलच्या जुन्या करारातले, मोशेच्या काळातले. आता त्यांची गरज नाही." काका म्हणत, "मान्य. पण धुतल्यानं बिघडतं कुठे?"

मोशेचं ते नियमशास्त्र त्यांना सोसायटीच्या नियमांपेक्षा पाठ. एकदा आमच्या माठात पाल पडली असं वाटून मी सल्ला विचारला. "तांब्याचं भांडं असतं तर घासून चाललं असतं. मातीचं फोडायचं." मी तत्परतेनं नवाकोरा माठ फोडला. पाल शेजारच्या स्टीलच्या पिंपात होती आणि तिथून माझ्याकडे शांतपणे बघत होती.

इतकं होऊनही मला अक्कल आली नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास बेडरूमच्या छतावर चट्टा उमटला. प्लंबर फोन उचलेना. काका जिन्यात भेटले, त्यांनाच आत आणून वर बोट करून दाखवला. काकांनी चष्मा पुसला.

"हिरवट आहे. तांबूसही आहे. नियमशास्त्राप्रमाणे अशा वेळी याजक, म्हणजे पुरोहित, घर रिकामं करायला सांगतो, सात दिवस बंद ठेवतो. सातव्या दिवशी पसरलेला दिसला तर दगड काढायचे."

"कुठले दगड?"

"भिंतीचे."

"सोसायटी परवानगी देईल का?" बायकोनं विचारलं. तिला ते कळलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी मान डोलावून बसलो होतो. आम्ही भांड्याकुंड्यांसकट नाहूरला सासुरवाडीला जाऊन पडलो. सासूबाई रोज विचारत, "जावईबापू, हे कुठल्या देवाचं म्हणालात?" मी म्हणायचो, "आपल्या नाही, पण फार जुनं आहे."

सातव्या दिवशी चट्टा दुप्पट. तेवढ्यात प्लंबर उगवला. त्यानं भिंतीकडे पाहिलंच नाही. "गळती वरच्या बाथरूमची आहे साहेब. वर कोण राहतं, धोबी?"

काका तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी लगेच बाथरूम दुरुस्त करून घेतलं. पण पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या दिवशी, ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. मी वर गेलो.

"बरं नाही का काका?"

"तुझं मन दुखावून त्या मेजाजवळ कसा जाऊ? आधी समेट, मग भोजन."

"सोडा हो, चालतंय."

"चालतंय नको. माफ केलं, असं म्हण."

आता आली पंचाईत. आमच्या घराण्यात माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही; आम्ही 'जाऊ दे' म्हणतो आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. त्यातून वडीलधाऱ्या माणसाला माफ करणारा मी कोण? शिवाय सासुरवाडीतले ते सात दिवस अजून डोक्यातून गेले नव्हते.

"म्हणून टाक ना रे," मी खाली आल्यावर बायको म्हणाली. "माणूस खाली मान घालून जिना उतरतो, बघवत नाही."

"पण मनातून गेलं नाही ना अजून!"

"मग मनातून काढ. त्यासाठी पण प्लंबर बोलावू?"

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी मी वर गेलो. काका सदरा घालून खुर्चीत बसले होते, निघायचं की नाही ते ठरत नसल्यासारखे.

"काका, माफ केलं," मी पुटपुटलो.

"मनातून?"

खोटं बोलवेना. "बरंचसं."

काका हसले. "माझंही माफ करणं दर वेळी तेवढंच होतं रे. बरंचसं."

"मग झालात का शुद्ध?"

"कुणास ठाऊक. इतकी वर्षं तेच समजून घ्यायला बघतोय." ते उठले आणि चर्चला जायला कठडा धरून सावकाश जिना उतरू लागले.

त्यांचं दार उघडंच राहिलं होतं. ते ओढून घ्यावं, की काका येईपर्यंत तिथेच थांबावं, मला कळेना.