पानं बरोबर लागली आहेत

"मोडा की. पण का मोडलात, तेवढं सांगा."

हे सर म्हणायचे तेव्हा त्यांचा चष्मा डोळ्यांवर नसायचा, हातात असायचा. समोरचा लेखक कथा वाचत असेल तर ते डोळे मिटून ऐकायचे. नियम मोडला गेला की डोळे उघडायचे. एवढंच. लेखक तिथेच अडखळायचा.

जळगावच्या एका छापखान्यात मी मजकूर टाइप करते, पानं लावते. आमचे मालक दरवर्षी दिवाळी अंक काढतात आणि त्याचं संपादन सर करायचे. कॉलेजातून मराठी शिकवून निवृत्त झालेले, मूळचे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. श्रावण लागला की ते रोज दुपारी यायचे आणि माझ्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. मी वयाने त्यांच्या मुलीएवढी, तरी मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, घरातल्या मांजरालासुद्धा अहोजाहो करणारा.

त्यांचे नियम मला पाठ झाले होते. कथा 'सकाळ झाली'ने सुरू करायची नाही. "सकाळ सगळ्यांचीच होते." शेवटी सगळं स्वप्न निघायला नको. "वाचणाऱ्याची झोपमोड करून काय मिळवलंत?" योगायोगाने कथा सुरू झाली तर चालेल, संपायला नको. मेलेलं माणूस परत आणायचं नाही. आणि निवेदन प्रमाण मराठीत. बोली हवी असेल तर ती पात्रांच्या तोंडी, अवतरणचिन्हांत.

एकदा धुळ्याहून एक तरुण प्राध्यापक कथा घेऊन आले. आठ पानांत एकही पूर्णविराम नव्हता.

"पूर्णविराम का नाहीत?" सरांनी विचारलं.

"आयुष्याला तरी कुठे असतो, सर?"

"असतो," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पंखा वाढवू का तुमच्यासाठी?"

प्राध्यापक गेल्यावर मी हसत होते. सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, वाचणारा दिवसभराचा दमून आलेला असतो. त्याला उगाच ठेच लावायची नाही. लावायचीच, तर तिथे त्याला काहीतरी सापडलं पाहिजे."

मग एका वर्षी शिरपूरकडून एका परिचारिकेची कथा आली. उपकेंद्रात नोकरी, पहिलीच कथा. अर्धी कथा स्वच्छ प्रमाण मराठीत. नायिकाही परिचारिकाच. ती गावोगाव लसी देते, बाळंतपणं करते आणि घरी आई आजारी. एका दुपारी आई जाते. घरात माणसं जमतात, त्रिशरण म्हणायला लागतात, आणि तिथून पुढे कथा अचानक अहिराणीत. संवाद नव्हे, निवेदनच. 'माय, मी वनू. डोया उघाड. तुना हात थंडा पडी गयात.' आणि मग शेवटपर्यंत तसंच.

सरांनी पेन्सिल काढली आणि त्या चार पानांवर समासात प्रमाण मराठी लिहून काढलं. सुंदर अक्षरात. मला म्हणाले, "असं घ्या." मी टाइप करायला घेतलं, तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "थांबा ताई. तिला विचारायला हवं."

त्यांना मोबाइलवर एका कानाने नीट ऐकू यायचं नाही, म्हणून फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"तुमची कथा चांगली आहे," सर म्हणाले. "पण अर्ध्यातून निवेदनाची भाषा का बदललीत?"

पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. मग ती म्हणाली, "सर, नोकरीत मी सगळं प्रमाण मराठीतच बोलते. रिपोर्ट, मीटिंग, सगळं. पण माय गेली तेव्हा मी नर्स नव्हते. तिथं मी प्रमाण भाषेत लिहायला बसले, तर ते दुसऱ्याच कोणाची तरी आई गेल्यासारखं वाटायला लागलं."

सरांनी तिचे आभार मानले, फोन बंद केला आणि माझ्याकडचं खोडरबर मागितलं. चारही पानांचे समास स्वतः पुसले. पेन्सिल दाबून लिहिलेली होती, खुणा राहिल्याच.

मालकांना ते पटलं नाही. "सर, अंक पुण्या-मुंबईला जातो. निदान खाली अर्थ तरी द्या."

"आई गेली त्या पानाला तळटीप?" सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "तसं करायचं असेल तर संपादक म्हणून माझं नाव घालू नका."

मालक दोन दिवस माझ्याशीही नीट बोलले नाहीत. मग कथा होती तशी छापली गेली. काही वाचकांनी कळली नाही म्हणून कळवलं. चोपड्याहून एका बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांनी ती सासूबाईंना वाचून दाखवली आणि मग दोघी नुसत्या बसून राहिल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सरांच्या पत्नी गेल्या. त्या कधी डबा घेऊन छापखान्यात यायच्या, तेवढीच माझी ओळख. न्याहळोदकडच्या. शहरात सगळा जन्म गेला तरी अहिराणीतच बोलायच्या. सर उत्तर मात्र प्रमाण मराठीत द्यायचे. दोघांचं त्यात छान चाललेलं दिसायचं.

पुढच्या श्रावणात सर आले ते एक कथा घेऊन. स्वतःची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कथा तपासल्या, पण त्यांनी स्वतः लिहिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. कथेतल्या म्हाताऱ्याची बायको दुसऱ्या पानावर दवाखान्यात वारते. आणि शेवटच्या पानावर ती स्वयंपाकघरात उभी असते, गॅस बंद केला का विचारते, आणि चहाचं आधण ठेवते.

मी सगळी पानं पुन्हा चाळली. "सर, पानं मागेपुढे झालीत का?"

"नाही. पानं बरोबर लागली आहेत."

मी पानं टेबलावर ठेवली. तेच सावकाश म्हणाले, "आधी नियमाने लिहिली होती, ताई. नीट जमली होती. फक्त कथेत ती कुठे नव्हती."

"लोकांना कळेल?"

"ज्यांचं कोणी गेलंय त्यांना कळेल." चष्मा पुसत राहिले. "पण माझ्या कथेबद्दल मला माझंच मत खरं वाटत नाही. दुसऱ्या कोणाची असती तर मी ही परत केली असती. अंकात घ्यायची की नाही, ते मी ठरवणार नाही."

त्यांनी ती कथा शिरपूरच्या परिचारिकेला पाठवायला सांगितली. मी फोटो काढून पाठवले, सरांच्या पत्नी गेल्याचंही कळवलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. पुन्हा स्पीकर.

"छापा, सर," ती म्हणाली. "त्यांना परत आणलंत ते बरोबर केलंत. फक्त एक विचारू का? काकू घरात अशाच बोलायच्या?"

सर खुर्चीत मागे टेकले. सगळी कथा लिहिताना त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. बायकोच्या तोंडी एकूण एक वाक्य प्रमाण मराठीतलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "अशी ती कधीच बोलली नाही."

ती कथा अंकात आली. तो सरांचा शेवटचा अंक. पुढच्या उन्हाळ्यात, जळगावच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, त्यांना बरं नाही एवढंच कळलं आणि आठवड्याभरात ते गेले. आता अंकाला नवे संपादक आहेत. ते भुसावळहून मेलवरच सगळं बघतात, चांगलं काम करतात.

मला आठवते ती त्या फोननंतरची दुपार. मी संगणकावर कथा उघडली आणि सर एकेक वाक्य सांगायला लागले. आमच्या असोदा गावची बोली वेगळी, पण अहिराणी मला कळते. सरांच्या तोंडून मात्र मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. "गॅस बंद करेल शे ना?" सर म्हणाले. मी टाइप केलं. "तुम्ही जेवनात का?" मी टाइप केलं. आवाज त्यांचाच होता, पण अंगावरचे कडक कपडे उतरवून ठेवल्यासारखा.

बायकोची वाक्यं संपली. आता नवऱ्याचं एकच उरलं होतं, शेवटचं. 'तू बस. आज चहा मी करतो.'

"हे राहू द्यायचं ना, सर?" मी विचारलं. "तुम्ही तर असंच बोलायचात."

सरांनी पडद्यावरचं ते वाक्य वाचलं. मग डोळे मिटले आणि अगदी हळू, समोर कोणी असल्यासारखे म्हणाले,

"तू बठ वं. आज च्या मी करस."