ओठांच्या कोपऱ्यातली हवा

बँडमधले सोबती त्याला दमवाला म्हणायचे. क्लॅरिनेट तोंडाला लावली की गाणं संपेपर्यंत गडी ती खाली घेत नसे. ओठ घट्ट, आणि लोकांची नजर चुकवून तोंडाच्या कोपऱ्यातून चिमूटभर हवा आत. बाकी व्यवहारात त्याचा आनंदच होता. पण या एका कसबाचा त्याला भारी तोरा.

बायकोच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा तो तोरा उतरला. रेडिएशन सुरू करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, की गाठीला रक्त नीट पोचत नाही, आणि प्राणवायू कमी असला की किरणांचा तिच्यावर जोर चालत नाही. म्हणून किरण देण्याच्या आधीपासून ते संपेपर्यंत नळीतून एक वायू ओढायचा: प्राणवायू, आणि रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड. उपाय नवा आहे, खात्री देता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं! 'गाठ' या शब्दापुढचं काही कानात शिरलंच नव्हतं, आणि पुन्हा विचारायची लाज.

पहिल्याच दिवशी ती घाबरीघुबरी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तो वायू ओढला की धाप लागायची. घरी येऊन म्हणाली, उद्यापासून जायची नाही. त्यानं क्लॅरिनेट काढली, तिला समोर बसवलं आणि आपलं कसब शिकवलं. नळी ओठांत धरायची, जीव घाबरला की कोपऱ्यातून बाहेरची हवा घ्यायची. कुणाला पत्ता लागत नाही. ती पटकन शिकली.

त्यानंतर तिनं एकदाही कुरकुर केली नाही. नळी लावणाऱ्या ताई बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायच्या, आणि दमवाला बाहेरच्या बाकावर मिशीतल्या मिशीत हसायचा.

पुढच्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. त्याही हळहळल्या. म्हणाल्या, बाहेरची हवा जराही मिसळू नये म्हणून तो चिमटा होता, त्यांनी तोही सोसला, तरी उपाय लागू पडला नाही. तेव्हा कुठे दमवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वायू नीट घेतला असता तर गुण आलाच असता असं नाही. पण आला असता की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

बसमध्ये तिच्या शेजारी बसल्यावर त्यानं सगळं सांगून टाकायचं ठरवलं. तेवढ्यात तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, तुम्ही ती युक्ती शिकवलीत म्हणून निभावलं. नाहीतर मी केव्हाच पळून आले असते."

तो नुसता "हं" म्हणाला. पुढे ती वारली, तोवर त्यानं ती गोष्ट तिला सांगितली नाही.

बँडमध्ये तो अजून वाजवतो. दम संपला की क्लॅरिनेट सरळ खाली घेतो, तोंड उघडून श्वास घेतो, आणि गाणं तुटलं तर तुटू देतो.