तळाची बेरी

आईच्या डब्यात तळाशी बेरी असायचीच. तूप कढवल्यावर खाली जो खरपूस गाळ राहतो, तो ती माझ्यासाठी मुद्दाम थोडा तुपातच सोडायची. लहानपणी मी तो साखर घालून खायचो. दर महिन्याला जळगावहून ट्रॅव्हल्सने तो डबा पुण्याजवळ मारुंजीला, माझ्या भाड्याच्या खोलीवर यायचा. मी झाकण उघडून पोटभर वास घ्यायचो आणि डबा खाली घरमालकीण काकूंना देऊन यायचो.

मला स्वादुपिंडाची जुनाट सूज निघाली होती. डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. स्वादुपिंडाचा रस पातळ वाहायला हवा. तुमच्या रसातली प्रथिनं बदललीत, ती घट्ट होऊन नळीत साचतात, वर कॅल्शियम बसलं की खडे होतात, असं ते म्हणाले. म्हणजे गाळच की, मी मनात म्हटलं. तूप-तेल जवळजवळ बंद झालं आणि प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल आली.

हे दुखणं लोकांना दारूचंच वाटतं, पण दारूच्या थेंबाला मी कधी शिवलेलो नाही. तरी दुखणं कळताच घरमालकांनी खांद्यावर हात ठेवून पार्ट्या कमी करायचा सल्ला दिला. आईलाही तसंच वाटेल म्हणून तिला काही सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावायचो. खरं तर डबा येणं थांबेल याची धास्ती होती. मला तो हवा होता, खाता येत नसला तरी.

काकू डबा कधी रिकामा परत देत नसत. घासूनपुसून त्यात आंबेमोहोर भरायच्या. तो मी विकत घेतल्याचं सांगून गावी पाठवायचो. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग आई चार दिवस राहायला आली, आणि काकूंना आधी सांगून ठेवायचं मी साफ विसरलो. काकूंनी जिन्यातच तिचा हात धरला. "तुमचं तूप लई ग्वाड हाय बाई. आमच्या नातवंडांना दुसरं चालतच न्हाई आता."

आई हसली. वर खोलीत आल्यावर मी सगळं सांगितलं, नळी, प्रथिनं, खडे, लोक दारूचं काय बोलतात तेसुद्धा. ती कॅप्सूलची बाटली हातात फिरवत राहिली. दारूबद्दल तिने एक शब्द विचारला नाही.

"आणि बेरी?" ती म्हणाली.

"तीही त्यांनाच."

जाताना ती डबा घेऊन गेली. संपलं, असं मला वाटलं आणि फार एकटं वाटलं.

पुढच्या महिन्यात डबा आला. आत कळण्याच्या भाकरीचं, ज्वारी-उडदाचं पीठ होतं. परातीत ओतलं तर पिठाला तुपाचा वास. गरम पाण्याने तीनदा घासल्याशिवाय माझी आई डब्यात दुसरं काही भरत नाही. तूप काढून घेतल्यावर हा तिने घासलाच नव्हता.