चौथ्या झाडाचा श्वास

चौथ्या प्लॅटफॉर्मवर मी एकटाच उभा होतो, जमिनीपासून पंचवीस फूट वर. मागचा झुलता पूल हलत होता. पुलावर कोणी नव्हतं आणि वारा तर अजिबात नव्हता.

रोप कोर्स तपासणं हे माझं काम. झाडाझाडांमध्ये लोखंडी केबल ताणून वाट करतात, माणूस कमरेला पट्टा बांधून तिच्यावरून जातो. साकोलीकडच्या एका तलावाकाठच्या बागेत असा कोर्स नवा झाला होता. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं येणार होती. कोर्स सुरक्षित असल्याच्या माझ्या सर्टिफिकेटसाठी मॅनेजर लांजेवार सकाळपासून मागे लागले होते.

बाग झाडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी मला चढण्याआधीच चौथ्या झाडापाशी अडवलं होतं. त्यांचे यजमान त्याच तलावात मासे धरायचे.

"दुपारी हे झाड श्वास घेते जी. मी याच्याखाली झाडत नाही."

लांजेवार म्हणाले, ती सगळ्यांनाच असं सांगते. ते ऐनाचं झाड वरपर्यंत हिरवंगार होतं. नियमाप्रमाणे आधी खोड ठोकून पाहायचं असतं. पहिली तीन झाडं मी ठोकली होती. हे राहू दिलं.

आणि आता पायाखालून आवाज आला. लांब, आत ओढून घेतल्यासारखा. मी खोडाला कान लावला. काहीच नाही. मग पुन्हा आला, आणि या वेळी तो माझ्या गालाला जाणवला. खोडाच्या आत कोणीतरी उभं आहे, असं मला खरोखर वाटलं.

मी लॅनयार्ड पाहिला, म्हणजे पडू नये म्हणून अडकवलेला दोर. तो त्याच झाडाला बांधलेला होता. परतीच्या पुलाची केबलही त्याच झाडाला. दुसरी वाट नव्हती. पुलाच्या अठरा फळ्या मी मोजत ओलांडल्या. प्रत्येक पावलाला मागून तो आवाज येत होता.

खाली उतरल्यावर हातोडी मारली. खोड मडक्यासारखं वाजलं. ड्रिल दोन बोटं आत गेलं आणि एकदम सैल झालं. भोकातून काळं पाणी आलं.

"पण सर, झाड तर हिरवं आहे," लांजेवार म्हणाले.

मी सांगितलं, साल जिवंत असली की पानं हिरवी राहतात. आत काही उरलेलं नाही. केबलच्या ताणाने झाड मुळातून सरकतंय, म्हणून पूल हलतो. त्यांनी शाळेला फोन लावला.

आठवड्याने केबल सोडल्या. शेवटची सुटली तशी झाड कोणी हात न लावता आडवं झालं. भर दुपारी. लक्ष्मीबाईंनी मला विचारलं, आवाज कोणाचा होता? पोकळीतली हवा आणि तुटणारं लाकूड, मी म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग झाड पडल्यावर आता तो आवाज काहून येऊन राहिला?"

मी तिथे थांबून ऐकलं नाही. रिपोर्टमध्ये 'खोड पोकळ' एवढंच लिहिलं. तेव्हापासून झाड कितीही हिरवं असो, खालून ठोकल्याशिवाय मी शिडीवर पाय ठेवत नाही.