मिनिमम ड्यू

रायपूर राजधानी झालं तसे बँकेचे कार्डवाले दारोदार फिरू लागले. बाबांनीही एक कार्ड घेतलं आणि आईच्या शेवटच्या आजारपणात समता कॉलनीतल्या दवाखान्याचं बिल त्यावर भरलं.

ती गेल्यावरही दर महिन्याला ते कार्डाच्या बिलावरचा ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिले. तोच हप्ता, असं त्यांना वाटे. रेल्वेतला माणूस, तारीख एकदाही चुकली नाही. पावत्यांची बेरीज दवाखान्याच्या बिलाएवढी झाली, त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. पहिला पेढा आईच्या फोटोपुढे ठेवून म्हणाले, “फिटलं तुह्यं सारं.”

मी पावत्या पाहिल्या आणि माझं डोकंच फिरलं. “बाबा, मिनिमम भरलं तर फक्त लेट फी टळते! पूर्ण बिल भरलं नाही तर बाकीवर व्याज चढतच राहते. हे बहुतेक सारं व्याजातच गेलं. मले काहून नाही विचारलं?” मी ओरडतच होते.

बाबा पावत्यांकडे नाही, फोटोकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, “तिच्यापुढचा पेढा उचलून घेऊ काय?”